फोटोओळीत कुणाचं नाव आहे?

आजच्या नायजेरियात असलेल्या बेनिन राज्याचा ओबा, म्हणजे राजा, ओव्होनराम्वेन याचा १८९७ सालचा एक फोटो आहे. 'आयव्ही' नावाच्या ब्रिटिश बोटीवर तो खुर्चीत बसलाय, मागे पहाऱ्याचे शिपाई उभे आहेत. अंगात पायघोळ झगा. वरवर पाहिलं तर सरकारी पाहुणा वाटावा. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटिश फौजेने त्याचं शहर जिंकून राजवाडा लुटला होता आणि आता त्याला हद्दपार करून कालाबारला नेत होते. त्या झग्याखाली पायांत बेड्या होत्या. तो पुन्हा बेनिनला आला नाही, १९१४ मध्ये कालाबारलाच वारला.

फोटोओळी लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठलाही जुना फोटो समोर आला की माझी नजर आधी खाली जाते. नाव कुणाचं दिलंय, कुणाचं गाळलंय, ते बघते. वसाहतकाळातल्या आफ्रिकेचे फोटो मी गेली काही वर्षं संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहत आलेय, आणि तिथल्या ओळी वाचून जीव तुटतो. अधिकाऱ्याचं नाव हुद्द्यासकट असतं. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस मात्र 'स्थानिक मुखिया', 'हमाल', 'झुलू स्त्री'. कधी कधी तर फक्त जमातीचं नाव आणि पुढे आकडा.

हे नकळत झालं असं म्हणायला जागा नाही. १८६९ मध्ये ब्रिटिश वसाहत खात्याने साम्राज्यातल्या 'वंशां'चे फोटो गोळा करायचे ठरवले, तेव्हा ते कसे काढायचे याच्या सूचना टी. एच. हक्सली या नामांकित शास्त्रज्ञाने लिहून दिल्या. माणूस विवस्त्र उभा करायचा, एकदा समोरून, एकदा बाजूने, शेजारी मोजपट्टीचा दांडा. केपटाऊनच्या ब्रेकवॉटर तुरुंगातल्या कैद्यांचे असे फोटो काढले गेले. बंदिवान माणूस नकार कसा देणार? त्याच तुरुंगात काब्बो नावाचा एक वयस्क सान, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या मूळ शिकारी लोकांपैकी, कैदी होता. १८७१ पासून भाषातज्ज्ञ विल्हेल्म ब्लेक आणि ल्युसी लॉइड यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि त्याच्या तोंडून गोष्टी उतरवून घेतल्या. त्याने आणि त्याच्या माणसांनी सांगितलेलं सगळं मिळून हजारो पानांच्या वह्या झाल्या. मोजपट्टीचे ते फोटो पाहिल्यावर मी त्या वह्यांतला काब्बोचा मजकूर वाचला. घरी कधी जायला मिळेल, आपल्या माणसांत बसून गोष्टी कधी ऐकायला मिळतील, असं तो सांगत राहतो. त्याची भाषा आज कुणी बोलत नाही.

आता पुन्हा ओबाच्या फोटोकडे येते, कारण तो काढणाऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. जे. ए. ग्रीन. नुसती आद्याक्षरं आणि इंग्रजी आडनाव, त्यामुळे हा कुणी गोरा असणार असं बराच काळ धरलं गेलं. तो होता जोनाथन अदागोगो ग्रीन, नायजर नदीच्या मुखाकडच्या बॉनी गावचा, जन्म १८७३चा. अधिकाऱ्यांसाठी फोटो काढायचा आणि आपल्या भागातल्या मुखियांसाठी, व्यापाऱ्यांसाठीही. बत्तिसाव्या वर्षी गेला. बेड्या घातलेल्या राजासमोर कॅमेरा लावताना त्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार माझी पाठ सोडत नाही. राजाला मानाने बसलेलं दाखवायचं हे कुणी ठरवलं? ग्रीनने, गोऱ्या अधिकाऱ्यांनी, की खुद्द ओबाने?

काही फोटो पाहवत नाहीत, तरी पाहायला हवेत. १४ मे १९०४, काँगो फ्री स्टेटमधलं बारिंगा. न्साला नावाचा माणूस मिशनच्या ओसरीवर बसलाय. समोर एका लहान मुलाचा तोडलेला हात आणि पाऊल. ती त्याची मुलगी, पाच वर्षांची बोआली. ठरवून दिलेलं रबर पुरं भरलं नाही म्हणून रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिला मारलं. त्याच्या चेहऱ्यावर आक्रोश नाही. तो नुसता बघतोय. हा फोटो अ‍ॅलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने काढला. पुढे काचेच्या पट्ट्यांवरून मॅजिक लँटर्नने, म्हणजे पडद्यावर चित्र पाडणाऱ्या दिव्याने, असे फोटो ब्रिटन-अमेरिकेत सभांमधून दाखवले गेले. लोक खवळले. काँगो स्वतः कधी न पाहिलेल्या बेल्जियमच्या राजा लिओपोल्डला १९०८ मध्ये ती खासगी मालमत्ता सोडावी लागली. यात त्या फोटोंचा वाटा मोठा आहे. आणि मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अ‍ॅलिसने नावं टिपून ठेवली. न्साला. बोआली. नाहीतर तोही 'एक काँगोवासी' म्हणून राहिला असता.

याच्या अगदी उलट मालीतल्या बामाकोचा फोटोग्राफर सेदू कैता. १९४८ मध्ये त्याने स्टुडिओ थाटला, तेव्हा माली फ्रेंचांच्या ताब्यात होता. लोक स्वतः पैसे मोजून येत. सूट, घड्याळ, पेन, रेडिओ, हवं ते कैताकडे मिळे. पाठीमागे पडदा म्हणून सुरुवातीला त्याने स्वतःच्या पलंगावरची चादर टांगली. दर दोन-तीन वर्षांनी पडदा बदलायचा, म्हणून नंतर पडद्याच्या नक्षीवरून फोटोचं साल ठरवता आलं. यातल्या बहुतेक फोटोंवरही नावं नाहीत. पण इथे मला ती उणीव तशी बोचत नाही. तो फोटो घरी लावायचा होता, बघणाऱ्याला नाव ठाऊकच होतं. बाई हात कुठे ठेवायचा ते स्वतः ठरवतेय, हे दिसतं.

नावं परत मिळतात. नॉर्थकोट थॉमस या सरकारी मानववंशशास्त्रज्ञाने १९०९ ते १९१५ या काळात नायजेरिया आणि सिएरा लिओनमध्ये हजारो फोटो काढले, त्यात आकड्यांच्या पाट्या लावलेले चेहरेही आहेत. अलीकडे संशोधक त्या फोटोंच्या प्रती घेऊन त्याच गावांत गेले, आणि लोकांनी आपले पणजोबा, खापरपणजोबा ओळखले. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानेही २०११ मध्ये वसाहत खात्याचे आफ्रिकेतले फोटो सगळ्यांसाठी खुले केले, ओळखणाऱ्यांनी माहिती द्यावी म्हणून.

मग जुन्या ओळींचं काय करायचं? अपमानकारक आहेत म्हणून काढून टाका, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो. तरीही मी पुसायच्या विरोधात आहे. बेनिनच्या त्याच मोहिमेत गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या अल्बममध्ये फोटोखाली हाताने 'लूट' असं लिहिलेलं आहे. त्या लुटीतली पितळी शिल्पं पुढे दशकानुदशकं काचेच्या कपाटात 'संग्रह' म्हणून मिरवली. ती ओळ पुसली तर लुटणाऱ्याच्या हातचा कबुलीजबाब जातो. जुनी ओळ अवतरणात ठेवावी, कुणी आणि कधी लिहिली ते सांगावं. आणि त्याच्या वर, ठळक अक्षरात, माणसाचं नाव. नाव मिळालं नसेल तर 'नाव नोंदवलेलं नाही' असं लिहावं. 'स्थानिक मुखिया' लिहून ती जागा भरू नये.