तुम्ही विचारलंत म्हणून : रात्री झोप लागते का?

एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात मी फायरमन म्हणून भरती झालो, पुढे तांडेल, म्हणजे फायरमनच्या तुकडीचा म्होरक्या, झालो आणि केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो. या ३१ वर्षांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आगीविषयीचा नाही. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्या दिवसांत शाळेत व्याख्यानाला गेलो की मुले शिडीची उंची आणि बंबात मावणारे पाणी विचारतात, कार्यक्रम संपून चहा आला की एखादे शिक्षक मला जरा बाजूला घेतात आणि आवाज उतरवून विचारतात, "एवढं सगळं पाहिल्यावर तुम्हाला रात्री झोप लागते का हो?"

"सवय होते," असे उत्तर मी वर्षानुवर्षे देत आलो, कारण ते एका घोटात संपते आणि समोरच्याचेही समाधान होते. ते अर्धेच खरे आहे. घंटा वाजल्यावर अंथरुणातून थेट बुटात पाय घालण्याची सवय होते, जळालेल्या प्लास्टिकच्या वासाची होते, नाइलाजाने मृतदेहांचीही होते. ज्याची सवय होत नाही ती गोष्ट प्रत्येक जवानाची वेगळी असते आणि ती आधी ओळखता येत नाही. नदीतून आठ दिवसांचे प्रेत निर्विकारपणे बाहेर काढणारा माझा एक सहकारी अपघातग्रस्त गाडीत वाजत राहिलेल्या मोबाइलमुळे कोलमडला होता. पडद्यावर "आई" अशी अक्षरे येत होती आणि फोन उचलण्याचा अधिकार त्याला नव्हता.

माझी गोष्ट पलंगाखालची आहे. नोकरीला चार वर्षे झाली होती. रात्री १ वाजून ४० मिनिटांनी वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली. जुन्या इमारतीचा तिसरा मजला, दोन खोल्यांचे घर, आग फार मोठी नव्हती पण धूर छातीपर्यंत उतरलेला होता. बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या हवेच्या टाकीचे श्वसनयंत्र, लावून मी आणि माझा जोडीदार आत शिरलो. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो. एक हात भिंतीला लावून, ती भिंत न सोडता खोलीची फेरी पूर्ण करायची असते, म्हणजे बाहेर येण्याची वाट हरवत नाही. मी उजव्या भिंतीने गेलो, पलंग लागला, गादीवरून हात फिरवला, काही लागले नाही, पुढे गेलो. आगीत लहान मुले बाहेर पळत नाहीत, लपतात, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेले असते. ते मला दुसऱ्या फेरीत आठवले. सहा वर्षांचा मुलगा पलंगाखाली, भिंतीच्या अगदी कडेला होता. त्याला खाली आणून मी रुग्णवाहिकेत दिले, आणि त्यातल्या डॉक्टरांची मान हलली ती मी पाहिली.

पहिली आणि दुसरी फेरी यांत तीन मिनिटे गेली असतील. पुढचे काही महिने मी त्या तीन मिनिटांत राहत होतो. घरी झोपण्यापूर्वी पलंगाखाली वाकून पाहायचो, मग मध्यरात्री उठून पुन्हा पाहायचो. पत्नीने कारण विचारले तेव्हा झुरळ दिसल्याचे सांगितले. केंद्रावर मात्र माझे काम कधी नव्हे इतके चोख चालले होते. इतरांच्या वाट्याच्या वॉचरूमच्या रात्रपाळ्या मी आपणहून मागून घेत होतो, कारण फोनजवळ बसणाऱ्याने झोपायचे नसते आणि मला तेच हवे होते. वरिष्ठांनी त्या काळात माझे कौतुकही केले.

हे ज्यांच्या लक्षात आले ते आमचे तांडेल. वयाने मोठे, बोलण्यात कोरडे, सारे केंद्र त्यांना मामा म्हणायचे. पहाटे तीनच्या सुमारास ते दोन स्टीलच्या पेल्यांत चहा घेऊन वॉचरूममध्ये आले, समोरच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "काल एकच होज-पाइप तू दोनदा धुतलास." मी गप्प राहिलो. चहा संपत आल्यावर त्यांनी विचारले, "त्या दिवशी आत शिरल्यावर पलंग कुठल्या हाताला होता?"

झोप लागते का, हे त्यांनी विचारले नाही. तसे विचारले असते तर मीही "हो मामा, मस्त लागते" असेच म्हटले असते. पलंग कुठल्या हाताला होता, या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ होते. मी टेबलावरच्या लॉगबुकच्या कडेवर बोटाने खोली आखून दाखवली: दार इथे, भिंत ही, पलंग असा, खिडकी तशी. आखता आखता सगळेच बाहेर आले. मामा मध्ये एकदाही बोलले नाहीत. ते त्या रात्री जिन्यात होजवर होते आणि शेजाऱ्यांचे बोलणे त्यांनी ऐकले होते. माझे संपल्यावर त्यांनी त्यांच्या बाजूची हकिकत सांगितली. खालच्या मजल्यावरच्या माणसाला धुराचा वास सव्वा वाजताच आला होता. लोकांनी आधी बादल्यांनी पाणी मारले, मग मीटर बंद करण्यासाठी चावी शोधली, आणि त्यानंतर आम्हाला फोन केला. "पंचवीस मिनिटं तिथं गेली होती," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "पलंगाखाली हात पहिल्याच फेरीत घालायला हवा होता, हे खरंच आहे. पुढच्या वेळी घालशील."

या शेवटच्या वाक्याने मला जितका आधार दिला तितका दुसऱ्या कशानेही दिला नाही. "तुझी काही चूक नव्हती" असे घरचे म्हणाले असते, आणि ते प्रेमापोटी म्हणत आहेत हे कळल्यामुळे मला ते पटले नसते. चूक केवढी होती आणि केवढी नव्हती हे मोजून सांगण्याचा अधिकार त्याच जिन्यात उभ्या असलेल्या माणसालाच होता. घटनेचा आपल्याला दिसलेला तुकडा हेच संपूर्ण चित्र असल्याचे आपण धरून चालतो; उरलेले तुकडे सोबत्यांच्या खिशात असतात. पेशातल्या माणसाने पेशातल्या माणसाला द्यायचा आधार म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे मुख्यतः एवढेच आहे, आणि सांत्वनाचा त्यात वाटा थोडा आहे.

ही गोष्ट पुढे मी स्वतः बिघडवली, तेही सांगायला हवे. अधिकारी झाल्यावर मी थोडे वाचन केले होते. अमेरिकेतील जेफ्री मिचेल हे स्वतः अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेले गृहस्थ. भयंकर घटनेनंतर पथकाला एकत्र बसवून ठरावीक टप्प्यांनी बोलते करण्याची पद्धत त्यांनी १९८३ मध्ये मांडली आणि ती जगभर पसरली. ती वाचून मी इतका भारावलो की, एका इमारत दुर्घटनेत दोन दिवस ढिगारा उपसून आलेल्या जवानांना तिसऱ्या दिवशी हजेरीनंतर गोल करून बसवले आणि प्रत्येकाने मनातले बोलावे असे फर्मान काढले. पहिल्याने "ठीक आहे साहेब" म्हटले, दुसऱ्याने तेच म्हटले, तिसऱ्याने दिसलेले सारे तपशिलाने सांगायला सुरुवात केली तेव्हा ढिगाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला काम केलेला एक नवा मुलगा उठून बाहेर गेला. त्याने स्वतः जे पाहिले नव्हते ते मी त्याला बसवून ऐकवले होते. पुढचा आठवडाभर तो रजेवर होता.

सक्तीच्या एका बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो, असे संशोधनातून तोवर पुढे आले होते आणि ब्रिटनमधील नाइस या आरोग्य मार्गदर्शन संस्थेने २००५ मध्येच अशा बैठका सरसकट घेऊ नयेत असे सांगितले होते. मी अर्धेच वाचले होते. पण आमच्याकडचे कारण त्याहून साधे होते. जवान माझ्यासमोर बोलणार नव्हते, कारण त्यांचा गोपनीय अहवाल मी लिहीत होतो. "डोक्यावर परिणाम झालाय" असा शिक्का बसला की बंबावरून काढून कायमचे वॉचरूमला बसवतील, तांडेलच्या बढतीच्या वेळी कुणीतरी ते उकरून काढेल, ही भीती खोटी नव्हती. कंत्राटावरच्या मुलांना तर करार पुढे चालू राहील की नाही हीच धास्ती असते. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करतो: चेष्टा करतो किंवा "आज बसू या" म्हणतो. चेष्टेला मी नावे ठेवत नाही, आमचे विनोद बाहेरच्याने ऐकले तर त्याला आम्ही निर्दय वाटू, पण त्या विनोदांवर आम्ही कित्येक रात्री काढल्या आहेत. बसण्याविषयी मात्र मी कठोर आहे. दारूने झोप येते आणि पहाटे तीनला उडते, आणि मग उरलेली रात्र अधिक मोठी होते. या मार्गाने गेलेले दोन चांगले जवान मी पाहिले आहेत.

म्हणून पुढे मी एक साधा उद्योग केला. केंद्रातल्या प्रत्येकाला नाव न लिहिता चिठ्ठीवर एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायला सांगितले: "रात्री दोन वाजता फोन करायचा झाला तर केंद्रातल्या कुणाला कराल?" बहुतेक चिठ्ठ्यांवर दोनच नावे आली. त्यांत माझे नाव नव्हते, याचे क्षणभर वाईट वाटले. एक चालक होता आणि दुसरा स्वयंपाकात रमणारा एक फायरमन. त्या दोघांना मी कोणतेही पद दिले नाही, बिल्ला दिला नाही. एवढेच सांगितले की तुम्हाला कळलेले मला सांगायचे नाही, जिवावर बेतण्यासारखे काही दिसले तर तेवढे मात्र लपवायचे नाही, आणि महिना उलटूनही झोप, जेवण, चिडचिड ताळ्यावर येत नसेल तर त्या माणसाला डॉक्टरकडे न्यायचे.

या तिसऱ्या गोष्टीत आम्ही फार कमी पडलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचे सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. मामांना तिचा पत्ता असण्याचे कारण नव्हते, तरी पाहण्यात आणि ऐकण्यात ते पारंगत होते. पण त्यांच्या काळी जोडून द्यायचे कुणाशी? सोबती हा उपचार करणारा नव्हे. मी एका जवानाला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेलो तेव्हा ओळखीचे कुणी भेटेल या भीतीने तो रुमालाने तोंड झाकून बाकावर बसला होता. मीही साध्या कपड्यांत त्याच्या शेजारी बसलो आणि रांग पुढे सरकेपर्यंत आम्ही पंपाच्या दुरुस्तीविषयी बोललो. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. आमच्या काळी हे असते तर तो रुमाल कदाचित लागला नसता.

वातावरण बदलते आहे, असे मला जून २०२३ मध्ये प्रथम वाटले. ओडिशात बालासोरला झालेल्या रेल्वे अपघातानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे तत्कालीन महासंचालक अतुल करवाल यांनी जाहीरपणे सांगितले की, त्यांच्या एका जवानाला पाणी पाहिले की रक्त दिसते आणि दुसऱ्याची भूकच गेली आहे. दलाचा प्रमुख स्वतःच्या जवानांविषयी हे लाज न बाळगता बोलतो, याचे मोल बाहेरच्यांना कळणे कठीण आहे. त्यानंतर दीडच महिन्याने, १९ जुलैच्या रात्री, रायगडमधील इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नसल्याने यंत्रे नेता आली नाहीत. कुदळ-फावड्यांनी चिखल उपसावा लागला. चौथ्या दिवशी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. पाहिलेल्यापेक्षा न सापडलेले जड जाते, असा माझा अनुभव आहे. निर्णय योग्य असला तरी काम अर्धे टाकून डोंगर उतरणे पायांना मान्य होत नाही. आणि तिथे दलाच्या जवानांबरोबर गिर्यारोहक आणि आसपासचे स्वयंसेवकही राबले होते; त्यांना परतून बसायला केंद्र नसते, हजेरी नसते, दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडतात किंवा लोकल पकडतात. १०८ च्या रुग्णवाहिकेवरच्यांचीही तीच तऱ्हा: रुग्ण उतरवला, गाडी पुसली की पुढचा कॉल. त्यांचे सारे केंद्र म्हणजे शेजारची एक सीट. डॉक्टरने पायलटकडे, म्हणजे चालकाकडे, आणि पायलटने डॉक्टरकडे नीट पाहिले तरच.

तुमच्या घरात किंवा शेजारी असे काम करणारे कुणी असेल तर त्याला झोपेविषयी विचारू नका, आणि सर्वांत भयानक काय पाहिलेस हे तर मुळीच विचारू नका. आज कुठे होतास, हातात काय काम होते, जेवायला किती वाजले, एवढे विचारा आणि थांबा. तो बोलला नाही तरी चालेल.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना नीट ऐकू येत नाही. सणावाराला भेटायला गेलो की ते अजूनही मला कुठल्या कुठल्या जुन्या वर्दीतल्या खोल्या आखायला लावतात, मी चुकलो की बोट धरून भिंत सरकवतात.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, हो, झोप लागते, चांगली लागते. पलंगाखाली मात्र मी रोज एकदा पाहतो. पत्नीला झुरळाची खरी गोष्ट केव्हाच सांगून झाली आहे. मी वाकलो की ती हातातले पुस्तक न सोडता फक्त पाय वर घेते.