अर्धं नाव

माझ्या पहिल्या कथेचा नायक गोरापान, निळ्या डोळ्यांचा होता आणि बेटावर राहायचा. मी साताऱ्याची. समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. दादाने चार पानं वाचली आणि विचारलं, "मूळ पुस्तक कुठलं गं? भाषांतर बरं जमलंय."

मूळ पुस्तक होतंच. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ सालचं. कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडे वीस रुपयांना मिळालेलं. पुढे कित्येक वर्षं मी जे लिहिलं त्यात बेटं, धुकं आणि काठीवाले म्हातारे. कहर म्हणजे बाईंचा नायक, जादूगार गेड, स्वतः तांबूस-सावळा आहे, त्याचा मित्र व्हेच तर त्याहून काळा. पुस्तकात हे सरळ लिहिलंय. पाच वेळा वाचूनही माझ्या डोक्यातला जादूगार काही गोरेपण सोडेना.

२२ जानेवारी २०१८ ला ले ग्विनबाई गेल्या. त्या आठवड्यात कथा पुन्हा बाहेर काढली आणि या खेपेला त्यांच्या कादंबऱ्या बाजूला ठेवून लेखनाबद्दलचं लेखन वाचलं. १९७३ च्या एका लेखात बाई एका फँटसी कादंबरीतला उतारा घेतात, चार शब्द बदलतात आणि राजवाड्यातला संवाद वॉशिंग्टनच्या राजकारण्यांचा होऊन बसतो. माझ्या कथेवर करून पाहिलं. "महाराज, पूर्वेकडचे सरदार अजून आपल्या बाजूला नाहीत." महाराजांच्या जागी साहेब, सरदारांच्या जागी आमदार. झालं! माझं जादूचं राज्य थेट विधानभवनात.

मग 'स्टिअरिंग द क्राफ्ट' या त्यांच्या लेखनकलेवरच्या पुस्तकातला स्वाध्याय घेतला: पानभर वर्णन लिहायचं, विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही. मराठीत हे महाकर्मकठीण. आपल्या शाळेच्या व्याकरणात 'दोन' हेही विशेषण आणि 'तो वाडा'मधला 'तो'सुद्धा. माझं मूळ वाक्य होतं, "गूढ धुक्यातून एक तेजस्वी म्हातारा हळूहळू चालत आला." तीन रात्री घालवून त्याचं झालं, "म्हाताऱ्याने काठीने चिखल चाचपला, मग पाय टाकला." खूश झाले. सकाळी लक्षात आलं, 'मग' हेही क्रियाविशेषण! काढून 'आणि' घातलं. म्हातारा मात्र पहिल्यांदाच मला दिसला. त्याचा गुडघा दुखत होता.

बेट तरीही सुटत नव्हतं. ते सुटलं आत्यामुळे.

तेराव्या वर्षी गेड नदीच्या गार पाण्यातून चालत जातो आणि पलीकडे उभा असलेला त्याचा गुरू ओगिअन त्याला दबक्या आवाजात त्याचं खरं नाव सांगतो. हा प्रसंग मी कितव्यांदा तरी वाचत होते आणि एकदम वाटलं, अरे, हे तर बारसं! आत्याला फोन लावला. माझ्या कानात नक्की काय म्हणाली होतीस?

"कुर्र म्हटलं. तेवढ्यात पाठीत असे बुक्के बसले की नाव निम्मंच सांगून झालं. पुढचं कोण सांगतंय, पेढे आले होते."

फोन ठेवल्यावर मी वहीत एवढंच लिहिलं: जिच्या कानात नाव निम्मंच पोचलं, ती मुलगी. बाकीचं आठ महिने चाललं. गाव कृष्णाकाठचं झालं, नायिका सावळी, चिखल आमच्याच घाटावरचा. एका दिवाळी अंकाने साभार परत पाठवली, 'लहान मुलांच्या अंकाकडे पाठवावी' अशी सूचना जोडून. राग आला, कारण बाईंनाही आयुष्यभर हेच ऐकावं लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्या अंकाने घेतली, दोन 'अचानक' कापून.

अंक आला तेव्हा आत्याला फोनवर अख्खी कथा वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत गप्प होती.

"चांगली आहे," म्हणाली. "पण बुक्के कोणी मारले ते लिहिलं नाहीस. तुझी काकू होती ती."