फियाट: दुसऱ्यांच्या बॉनेटखाली राहिलेली कंपनी

माझे मत आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही हे वाचकाला ठरवता येईल. सामान्य माणसाच्या लहान मोटारीची आजची जी घडण आहे, तिच्यावर इटलीच्या फियाट कंपनीइतका ठसा फार थोड्या कंपन्यांनी उमटवला. आणि त्या मानाने फियाटच्या पदरात जितके कमी श्रेय पडले, तितके दुसऱ्या कोणाच्या पडले असेल असे मला वाटत नाही. या विषम हिशेबाला इतरांइतकीच फियाट स्वतःही जबाबदार आहे.

वडोदऱ्यात जुन्या मोटारींचा विषय निघाला की बोलणे लगेच राजवाड्याकडे वळते. ते साहजिकही आहे, कारण संस्थानिकांच्या मोटारी दिसायला देखण्या आणि सांगायला सोप्या असतात. रावपुरा, दांडिया बाजार आणि सलाटवाडा या भागांतील वकील, डॉक्टर आणि प्राध्यापक यांच्या घरांतील मोटारींचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही, आणि तो बव्हंशी दोनच गाड्यांचा इतिहास आहे: अँबॅसिडर आणि फियाट. आमच्या थोरल्या काकांच्या मते अँबॅसिडर ही सरकारी माणसाची किंवा मोठ्या कुटुंबाची गाडी, आणि फियाट ही स्वतः गाडी चालवणाऱ्याची. कलाभवन या वडोदऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलचे शिक्षण घेऊन पुढे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवण्यात आयुष्य घालवल्यावर मला काकांचे हे वर्गीकरण पुष्कळ शास्त्रीय वाटू लागले आहे.

कंपनीची स्थापना 11 जुलै 1899 रोजी तुरिन शहरात झाली. संस्थापकांपैकी जोव्हानी आन्येल्ली हे घोडदळातून निवृत्त झालेले अधिकारी होते आणि थोड्याच वर्षांत कंपनीची सूत्रे त्यांच्याकडे आली. अमेरिकेत फोर्डने जे केले ते युरोपात करता येईल, हे त्यांनी लवकर ओळखले. त्याचे दृश्य रूप म्हणजे लिंगोत्तो येथील कारखाना. 1916 मध्ये बांधायला घेतलेला आणि 1923 मध्ये सुरू झालेला हा कारखाना पाच मजली होता. कच्चा माल तळमजल्यावर येई, गाडी एकेक मजला वर चढत तयार होई, आणि पूर्ण झालेली गाडी गच्चीवरच्या चाचणीच्या रस्त्यावर धावून नंतर उतरणीवरून खाली येई. उत्पादनाच्या दृष्टीने ही मांडणी फारशी सोयीची नव्हती, कारण जड माल वर चढवण्याइतका खर्चिक उद्योग दुसरा नाही. पुढे मिराफियोरीला उभा राहिलेला कारखाना म्हणूनच जमिनीवर पसरलेला आहे. तरीही गच्चीवर मोटारी पळवण्याची ती कल्पना पाहून कोणत्याही इंजिनिअरचे मन प्रसन्न होईल. लिंगोत्तोतील उत्पादन 1982 मध्ये थांबले आणि वास्तुविशारद रेंझो पियानो यांच्या आराखड्यानुसार त्या इमारतीचे रूपांतर झाले, पण गच्चीवरचा रस्ता राखला गेला.

फियाटला खरी ओळख मिळवून दिली ती दान्ते जाकोसा या अभियंत्याने. 1936 ची तोपोलीनो म्हणून ओळखली जाणारी लहान फियाट 500, 1955 ची फियाट 600 आणि 1957 ची नवी 500 या तिन्ही गाड्यांमागे त्यांचे डोके होते. 1957 च्या 500 चे इंजिन अवघे 479 सीसीचे होते, म्हणजे आजच्या अनेक मोटारसायकलींपेक्षा लहान. तरी युद्धाने मोडलेल्या इटलीतील कुटुंबे तिच्यात बसून समुद्रकिनारी सुट्टीला जाऊ लागली. कमी पत्रा, कमी इंधन आणि कमी पैसा यांत माणसाला अधिकाधिक जागा कशी देता येईल, हा प्रश्न जाकोसांनी जन्मभर सोडवला. कमीत कमी साधनांत नेटके काम करण्याची ही वृत्ती माझ्या मते अभियांत्रिकीतील सर्वोच्च गुण आहे, आणि किमती गाड्यांच्या कौतुकात तो नेहमी झाकला जातो.

भारतात फियाट आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे. 1944 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या आणि पन्नासच्या दशकात फियाटचे काम हाती घेतले. त्याच दशकात आलेल्या फियाट 1100 चे पुढचे दरवाजे आजच्या उलट, मागच्या बाजूला बिजागरी असलेले होते. तिच्या गुबगुबीत आकारामुळे लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि त्यात तुच्छतेपेक्षा लाडच अधिक होता. साठच्या दशकात 1100 डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचेच नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाले. कागदोपत्री फियाटचा संबंध तेव्हाच संपत आला होता, पण पद्मिनीला पद्मिनी म्हणणारा माणूस आमच्या गल्लीत तरी मला भेटला नाही.

1089 सीसीचे इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर आणि अँबॅसिडरच्या मानाने हलके अंग, यांमुळे ही गाडी गर्दीच्या रस्त्यांतून सहज निघे. मांडवी किंवा लहेरीपुऱ्याच्या दरवाज्यातून ती ज्या बेताने वळवता येई, तो चालवणाऱ्याच्या अभिमानाचा विषय असे. कार्ब्युरेटरच्या त्या जमान्यात कडक उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडकणे हा सर्वच जुन्या गाड्यांचा नित्याचा प्रकार होता. मे महिन्यात वडोदऱ्याजवळच्या हालोलवरून पावागडच्या चढाला लागणारी मंडळी बॉनेटखालच्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर टाकायला ओले फडके आणि पाण्याची बाटली सोबत ठेवीत. परवान्यांच्या त्या काळात ग्राहकाला दुसरा पर्याय नव्हता आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे मूळ रचनेत मोठी सुधारणा करण्याचे कारण कंपनीला उरले नाही. इटलीत 1100 चे उत्पादन थांबल्यावर तीसहून अधिक वर्षे तिचे भावंड कुर्ल्यात बनत राहिले. मुंबईत 2003 साली नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून हटली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. त्यांत तुरिनचा उल्लेख मला क्वचितच दिसला.

जुन्या रचना परदेशांना देऊन टाकण्याची फियाटची रीत भारतापुरती नव्हती. स्पेनमधील सियाट ही कंपनी फियाटच्या परवान्यावर उभी राहिली. पोलंडमध्ये फियाट 126 ने मोटार सामान्यांच्या आवाक्यात आणली. 1966 च्या करारानुसार सोव्हिएत संघात तोल्याती येथे उभारलेल्या कारखान्यातून 1970 पासून फियाट 124 चे रशियन रूप बाहेर पडू लागले, आणि लाडा या नावाने त्याच घराण्यातील गाड्या 2012 पर्यंत बनत होत्या. मूळ 124 ला 1967 साली युरोपातील सर्वोत्तम गाडीचा पुरस्कार मिळाला होता, हे लाडावर विनोद करणाऱ्यांच्या गावीही नसते. 1985 च्या सुमाराला प्रीमियरने आणलेली 118 एनई हीसुद्धा मुळात 124 च. फक्त तिच्यात इंजिन निसानच्या रचनेचे होते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आज कोणत्याही लहान गाडीचे बॉनेट उघडले की इंजिन आडवे बसवलेले दिसते, त्याच्या एका टोकाला गिअरबॉक्स असतो आणि दोन्ही पुढच्या चाकांकडे असमान लांबीचे दांडे जातात. आडव्या इंजिनाची कीर्ती ब्रिटिश मिनीकडे जाते, पण मिनीत गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात बसवलेला होता. ती रचना देखभालीला अडचणीची होती आणि पुढे टिकली नाही. टिकली ती जाकोसांची रचना. फियाटच्या वरिष्ठांना तिची धास्ती वाटल्याने 1964 मध्ये ती आधी ऑटोबियांकी प्रिमुला या दुसऱ्या नावाच्या गाडीत वापरून पाहण्यात आली आणि 1969 मध्ये फियाट 128 मधून सर्वांसमोर आली. मारुती 800 पासून आजच्या बहुतेक हॅचबॅकपर्यंत सर्वत्र हीच मांडणी आहे. कलाभवनात आम्हाला ती आकृती काढून शिकवली गेली, परंतु ती कोणाची हे सांगितले गेले नाही.

दुसरी गोष्ट डिझेलची. कॉमन रेल पद्धतीत इंधन एका समाईक नळीत फार मोठ्या दाबाखाली साठवले जाते आणि विजेवर चालणारे इंजेक्टर ते हवे तेव्हा, हवे तितके सोडतात. मोटारीसाठी ही पद्धत व्यवहारात आणण्याचे बरेचसे काम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फियाट समूहाच्या संशोधकांनी केले होते. पण त्या सुमाराला समूहाची आर्थिक स्थिती बिकट होती आणि पुढचा विकास व उत्पादन यांसाठी हे तंत्र जर्मनीच्या बॉश कंपनीला विकण्यात आले. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 ही कॉमन रेल डिझेल असलेली पहिली मोटार ठरली, ती फियाट समूहाचीच. पण पाठोपाठ सर्वांनीच ते तंत्र बॉशकडून घेतले. मालकी ठेवली असती तर काय झाले असते, हा हिशेब मी मांडत नाही, कारण त्यासाठी लागणारे भांडवल त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हतेच.

फियाटच्या दुर्लौकिकालाही आधार आहे. सत्तरच्या दशकातील तिच्या गाड्या उत्तर युरोपात आणि अमेरिकेत भराभर गंजत. पुढे 1980 चा दीर्घ संप झाला आणि 1983 मध्ये अमेरिकेची बाजारपेठच सोडावी लागली. दुसरीकडे युरोपातील सर्वोत्तम गाडीचा पुरस्कार फियाटच्या गाड्यांना 9 वेळा मिळाला आहे. पुरस्कार देणारे परीक्षक गाडी नवी असताना पाहतात आणि ग्राहक ती दहा वर्षे वापरतो, एवढा अर्थ त्यातून निघतो.

भारतातील दुसऱ्या डावात याचीच पुनरावृत्ती झाली. 1996 च्या उनोला लाखांच्या संख्येने नोंदणी मिळाली, पण कुर्ल्यातील कामगार संघर्षात गाड्या वेळेवर बाहेरच पडल्या नाहीत. 2001 ची पॅलियो रस्त्याला चिकटून धावणारी भक्कम गाडी होती आणि जाहिरातीला साक्षात सचिन तेंडुलकर होता. तरीही पेट्रोल पिणारी आणि सुटे भाग न मिळणारी अशी तिची ख्याती झाली. मग टाटांशी भागीदारी होऊन पुण्याजवळ रांजणगावला उत्पादन सुरू झाले आणि 2009 मध्ये लिनिया व ग्रांदे पुंटो आल्या. परंतु टाटांच्याच दालनात, टाटांच्याच गाड्यांशेजारी ठेवलेली फियाट विक्रेत्याने जीव ओतून विकावी, ही अपेक्षा मला तेव्हाही भाबडी वाटली होती.

त्याच रांजणगावात जे इंजिन बनत होते त्याची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. 1248 सीसीचे 1.3 मल्टिजेट डिझेल 2003 मध्ये युरोपात आले. एका आवर्तनात अनेकदा इंधन फवारण्याची सोय, झडपांच्या टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी, आणि सुमारे 130 किलो वजन, ही त्याची वैशिष्ट्ये. 2007 मध्ये मारुतीने ते परवान्यावर बनवून स्विफ्टमध्ये घातले, आणि पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, तसेच टाटांच्या व्हिस्टा, मांझा, झेस्ट अशा कितीतरी गाड्या त्याच्यावर धावल्या. इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली गाडी मरगळलेली आणि वर गेल्यावर एकदम उसळणारी, हा त्याचा स्वभाव वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्गावरच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला पाठ होता. भारताचे राष्ट्रीय डिझेल इंजिन असे त्याला गमतीने म्हटले जाई. 2012 मध्ये प्रीमियरने आपल्या रिओ गाडीत हेच इंजिन बसवले, म्हणजे पद्मिनी बनवणाऱ्या घराने पुन्हा एकदा तुरिनचेच दार ठोठावले.

आमच्या हालोलचाही या इंजिनाशी धागा आहे. 2000 साली जनरल मोटर्सने फियाटच्या मोटार व्यवसायात 20 टक्के भाग घेतला होता आणि उरलेला भाग विकत घ्यायला लावण्याचा हक्क फियाटकडे राखलेला होता. तोट्यातील कंपनी गळ्यात पडू नये म्हणून 2005 मध्ये जनरल मोटर्सने सुमारे 2 अब्ज डॉलर देऊन सुटका करून घेतली, पण लहान डिझेल इंजिनाचा हक्क सोबत ठेवला. शेव्हरोले सेलच्या डिझेल आवृत्तीत आणि बीटच्या त्याहून लहान इंजिनात तेच रक्त होते. हालोलचा कारखाना जनरल मोटर्सने 2017 मध्ये बंद केला आणि आता तिथे एमजीच्या गाड्या बनतात. फियाटने मात्र त्या 2 अब्जांतून आणि कंपनीचे प्रमुख सर्जो मार्किओन्ने यांच्या कठोर कारभारातून स्वतःला सावरले, 2009 पासून क्रायस्लर ताब्यात घेत नेली आणि 2021 मध्ये ती स्टेलांटिस समूहात सामील झाली.

एप्रिल 2020 मध्ये गाड्यांच्या धुरासंबंधीचे बीएस-6 चे निकष लागू झाले आणि एवढ्या लहान डिझेलला त्यात बसवण्याचा खर्च कोणालाच परवडेना, म्हणून मल्टिजेटचे भारतातील उत्पादन थांबले. फियाट नावाची नवी गाडी आज इथे मिळत नाही. रांजणगावात जीप बनते. जुन्या पुंटो आणि लिनिया मात्र वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात त्याच वर्षी बनलेल्या स्विफ्टपेक्षा बऱ्याच कमी किमतीला मिळतात. इंजिनाचे पुष्कळसे भाग मारुतीच्या दुकानात मिळतात आणि कोणताही डिझेल मिस्त्री ते उघडू शकतो. अडते ते दिवे, बंपर आणि दरवाज्यांच्या कुलपांपाशी. घेणाऱ्याने साखळीचा आवाज गाडी थंड असताना ऐकावा, टर्बोची गळती पाहावी आणि पुढचा बंपर शाबूत असेल तरच किमतीचे बोलणे सुरू करावे.