चौथ्या मजल्यावरच्या आजी

सकाळी साडेसातला प्रचाराच्या पदयात्रेला निघालेली, आत्ता घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडलेत.

2017 ला तुम्ही मला पुणे महापालिकेत पाठवलंत. मार्च 2022 ला मुदत संपली, मग जवळजवळ चार वर्षं प्रशासक. पद नव्हतं, पण पाणी गेलं की फोन मलाच यायचा. तो यावा असंच वाटायचं.

आज लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आजींनी पत्रक घेतलंच नाही. म्हणाल्या, "कागद नको गं. भर पावसात उभं राहून ड्रेनेजचं झाकण बसवून घेतलंस, ते लक्षात आहे. पण कोपऱ्यावरचा दिवा?"

दिवा माझ्या वहीत दोनदा लिहिलेला आहे. पाठपुरावा कमी पडला, माझाच. आचारसंहितेत नवं काम जाहीर करता येत नाही, तक्रार मात्र कुणीही नागरिक देऊ शकतो. तिथेच बसून आजींच्या मोबाईलवरून ती नोंदवली.

मग चहा झाला. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेच्या मतदानात प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागांसाठी चार मतं द्यायची, एकच बटण दाबून परत यायचं नाही, हे सांगितलं. आजींनी चार बोटं मोजून दाखवली आणि जिन्यापर्यंत सोडायला आल्या, गुडघे दुखत असताना.