आईचे गुडघे अन् कपाशीच्या नांग्या

परवा व्हॉट्सॲपवर कोणीतरी टाकलं की झिजलेल्या गुडघ्यात आता कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, पुन्हा उगवते, वाटी बदलायची गरजच नाही. मी ते आईला वाचून दाखवलं अन् फसलो, तेव्हापासून रोज विचारते, "मंग कधी जाचं रे?"

तिनं उभी जिंदगी उकिडवं बसून निंदण केलं. आता उठताना आधी एक हात जमिनीला, मग खाटेचा पाय धरते, अन् गुडघ्यातून वाळल्या तुरीच्या शेंगा चुरल्यासारखा आवाज येतो.

म्हणून मग बसून वाचलं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे हाड जुळतं तशी ती आपसूक भरून येत नाही. 1987 मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली, गुडघ्यात जिथं भार कमी पडतो तिथला कूर्चेचा बारीकसा तुकडा काढला, त्यातल्या पेशी लॅबमध्ये काही आठवडे वाढवल्या अन् खड्डा पडला होता तिथं नेऊन सोडल्या. 1994 ला 23 पेशंटचा रिपोर्ट छापून आला. मांडीच्या हाडाच्या टोकावर केलेल्या 16 पैकी 14 जण चांगले, वाटीच्या मागच्या 7 पैकी दोघंच.

आईला सांगितलं, आपण पेरणीसोबतच प्लास्टिकच्या पिशव्यांत सरकी लावून ठेवतो ना, नांग्या म्हणजे न उगवलेल्या जागा भरायला, तसंच. तिला लगेच समजलं. म्हणे, "नांग्या भरता येतात रे, पन सारं वावरच खरडून गेलं असन त?"

हेच तर! ही ट्रीटमेंट तरण्या पोरांची, खेळताना मार लागून एका जागी खड्डा पडला अशांची. आईच्या एक्स-रेत आतल्या बाजूला हाडाला हाड लागलंय. 2025 मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी एक औषध देऊन म्हाताऱ्या उंदरांच्या गुडघ्यातली कूर्चा जाड करून दाखवली, तो मेसेज बहुतेक त्याचाच होता, उंदीर तेवढा गाळलेला. तेही सांगितलं.

"उंदराले कोन निंदाले धाडते रे?"

डॉक्टरांनी सध्या वजन कमी करा अन् मांडीचा व्यायाम करा म्हटलंय, नाहीच भागलं तर वाटी बदलू. आता रात्री सिरियल पाहता पाहता गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबत बसते, दहापर्यंत मोजायचं असतं, ही सातावरून थेट दहावर जाते.