कोड आणि कोढ़

"हातावर हे काय झालंय? कशामुळे?" भाजीवाली विचारते, बँकेच्या रांगेत मागे उभी असलेली बाई विचारते, लग्नात नवरीची आत्या विचारते. तुम्ही विचारलंत, तेही माझ्याकडे नीट बघून, म्हणून सविस्तर सांगते.

हे कोड आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा त्यांनाच परकं समजून मारू लागते आणि त्या संपल्या की तिथली कातडी दुधासारखी पांढरी होते. यात जंतू नाही, म्हणून ते लागटही नाही. जगात शंभरात एखाद्याला तरी असतं. घराण्यात असेल तर शक्यता वाढते, पण माझ्या माहेरी-आजोळी कुणालाच नव्हतं. थायरॉइडचे काही आजारही याच जातीचे, त्यामुळे कोड असलेल्यांनी ती तपासणी जरूर करून घ्यावी. माझा थायरॉइड असाच सापडला.

मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही. आमच्या घरात तर मासे कधी शिजलेच नाहीत, त्यामुळे खापर आंबटावर फुटलं. मी 19 वर्षांची होते. आईने दही, चिंच, आमसूल, लिंबू सगळं बंद केलं. इंदुरात राहून दोन वर्षं मी पोह्यांवर लिंबू पिळलं नाही, आणि डाग वाढायचे तेवढे वाढलेच. आईवर माझा राग नाही, तिच्या हातात होतं ते ती करत होती.

राग आहे तो बावचीचं तेल देणाऱ्यावर. तेल लावून उन्हात बस, एवढंच त्याने सांगितलं. बावचीत सोरॅलेन असतं, ते कातडीला उन्हासाठी हळवी करतं. डॉक्टरही हे द्रव्य वापरत आले आहेत, पण औषध मोजून, मिनिटं मोजून. मी मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर बसले. दुसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही मनगटांवर टरारून फोड आले आणि ते वाळले तिथे नवे पांढरे डाग उठले. कोडात जिथे भाजतं, खरचटतं, सतत घासतं, तिथे नवा डाग येऊ शकतो. परकराच्या नाडीखाली बायकांना डाग येतो तो यामुळेच.

माझ्या मामीची गोष्ट वेगळी. तिच्या कपाळावर टिकलीएवढाच, टिकलीच्याच जागी पांढरा गोल उमटला. काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की ते रंगाच्या पेशींनाच मारतं. रबरी चपलांच्या पट्ट्यांखालीही असंच होतं. तिने टिकली सोडून साधं कुंकू लावायला घेतलं. गोल गेला नाही, पण वाढायचा थांबला.

आणि प्रत्येक पांढरा डाग कोड नसतो. पावसाळ्यात पाठीवर-मानेवर येतात ती शिबं. ती बुरशी आपल्या सगळ्यांच्या अंगावर असतेच, घामाने फोफावते. नखाने हलकेच खरवडलं तर बारीक कोंडा निघतो. मुलांच्या गालावरचे फिकट चट्टे पाहून "जंत झालेत" म्हणतात, ते बहुतेक कोरडेपणाचे असतात.

माझ्यावर उपचार झाला तो 311 नॅनोमीटर लहरींच्या अतिनील प्रकाशाचा, आठवड्यातून दोनदा, महिनोन्‌महिने. चौथ्या महिन्यात एका सकाळी खिडकीपाशी हात धरला तर पांढऱ्या कातडीत, लवीच्या एका केसाच्या मुळाशी, खसखशीएवढा तपकिरी ठिपका. मग शेजारच्या केसापाशी दुसरा. रंगाच्या पेशींचा साठा केसाच्या मुळात शिल्लक असतो, तिथून त्या बाहेर सरकतात. म्हणून माझे दंड भरून आले आणि बोटांची टोकं नाहीत. तिथे केसच नसतात.

आता शब्दाचं सांगते, कारण इंदुरातल्या मराठी माणसाला तो जास्त छळतो. आपलं कोड आणि हिंदीतलं कोढ़, दोन्ही संस्कृत कुष्ठातून आलेले. आयुर्वेदात कुष्ठाचे 18 प्रकार सांगितलेत, म्हणजे तो शब्द तेव्हा कितीतरी त्वचारोगांना मिळून होता. पुढे मराठीत तो या पांढऱ्या डागांना चिकटला आणि हिंदीत महारोगाला. हिंदीवाले आमच्या आजाराला सफेद दाग म्हणतात. हे कळायच्या आधी मी शेजारणीला सरळ "मुझे कोड है" सांगितलं आणि तिने माझ्या मांडीवरचं बाळ उचलून नेलं. तेव्हापासून मी मोठ्याने सांगायला शिकले, "सफेद दाग हैं, कोढ़ नहीं।"

वीसेक वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी कचोरी तळणारा एक माणूस होता. दंडावर फिकट, तांबूससर चट्टा. बोटांना भाजल्याच्या जुन्या खुणा, कारण महारोगाने बोटं बधिर झाली होती आणि कढईचा चटकाच त्याला कळत नव्हता. पलीकडच्या बाईने मला विचारलं, "आपको भी वही है?" मी म्हटलं, "छी, मुझे वैसा कुछ नहीं है," आणि पदर आवरून घेतला. तो काही बोलला नाही. पिशवी उचलून भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

त्याच्या आजाराचा जंतू हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने 1873 मध्ये शोधला. तो अतिशय सावकाश वाढतो, बहुतेकांचं शरीर त्याला सहज परतवतं, आणि बाकावर शेजारी बसून तो लागत नाही. सहा किंवा बारा महिन्यांच्या गोळ्यांनी माणूस बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून इतरांना धोका उरत नाही. हे सगळं त्या दिवशी मला थोडंफार ठाऊक होतं, तरी माझ्या तोंडून ते निघालं. आता कुणी विचारलं की मी "कोड" म्हणते, ते काय असतं ते सांगते, आणि "तो आजार नव्हे हं" हे वाक्य जोडत नाही.

तुमच्या भाच्याच्या पाठीवरच्या डागाचं तुम्ही विचारलंत. डाग दुधासारखा पांढरा नसून नुसता फिकट किंवा तांबूस असेल, तर त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या टोकाने तिथे हलकेच स्पर्श करा. कळत नसेल, तर याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात घेऊन जा. कळत असेल तरी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. महारोग निघालाच तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, आणि वेळेत सुरू झाल्या तर हातापायांची बोटं शाबूत राहतात.