एसडब्ल्यूआर १.१, आणि ऐकू कोणालाच येईना

पहिल्यांदा रत्नागिरीच्या सड्यावर हॅम (हौशी) रेडिओ घेऊन गेलो तेव्हा मीटर इतका देखणा दिसत होता की मी त्याचा फोटोच काढला. ७.१ मेगाहर्ट्झ, एसडब्ल्यूआर १.१. (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना रेडिओच्या ५० ओहमशी किती जुळली याचा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळली.) अडीच मीटरचा व्हिप (काठीसारखी उभी अँटेना), मधोमध कॉइल, खाली जांभ्यावर टाकलेल्या दोन वायरी आणि पॉवर १० वॉट. दोन तास सीक्यू (‘कोणी ऐकतंय का?’ अशी हाक) देऊन घसा बसला. दिल्लीचं स्टेशन मला खणखणीत ऐकू येत होतं, त्याला मी नाही. गुरं घेऊन चाललेले एक काका थांबून म्हणाले, "काय रे, कातळावर गळ टाकलास? लागलं काय?"

घरी गणित मांडलं आणि फोटो डिलीट केला. ७.१ मेगाहर्ट्झ म्हणजे ४० मीटर बँड; त्यावर पाव तरंगलांबी साधारण साडेदहा मीटर. माझा व्हिप तिच्याही पावापेक्षा आखूड. त्याचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे ज्यातली पॉवर खरंच लहर होऊन बाहेर पडते तो रेझिस्टन्स, फार तर ३ ओहम. मग अँटेना मोजणारा ॲनालायझर एकूण ४८ का दाखवत होता? उरलेले ४५ कॉइलमध्ये आणि कोरड्या जांभ्यात. १० वॉटपैकी जेमतेम ०.६ वॉट हवेत गेला, बाकीच्यावर कातळ शेकला. मी मात्र संशय घेत होतो बिचाऱ्या केबलवर. दहा मीटर आरजी-५८ केबलमध्ये या बँडला अर्धा डेसिबलही जात नाही!

पुढच्या रविवारी जमिनीतला तोटा कमी करायला पाच-पाच मीटरच्या १६ वायरी चारी बाजूंना पसरल्या. सड्यात खुंटी शिरत नाही, म्हणून टोकांवर दगड ठेवले. रेझिस्टन्स २२ वर उतरला आणि एसडब्ल्यूआर चढून २.३ झाला. आठवड्यापूर्वी मी हे बघून सगळं गुंडाळलं असतं. पण तोटा निम्म्याहून कमी झाला होता, म्हणूनच तर आकडा बिघडला होता. पायथ्याशी ३:२ वेढ्यांचा टोरॉइड (कडीसारख्या गाभ्याचा) ट्रान्सफॉर्मर लावून २२ चे ५० केले. त्या संध्याकाळी दिल्लीने माझा कॉलसाइन (रेडिओवरची ओळख) परत वाचला.

आरे-वारेच्या किनाऱ्यावर, पाण्याला लागून, हाच व्हिप आणखी चांगला चालतो. खारं पाणी जांभ्यापेक्षा कितीतरी चांगलं वाहक. फक्त घरी आल्यावर कनेक्टर पुसायचे, नाहीतर हिरवे पडतात.

पुण्याच्या मित्राला मात्र मी अजून नीट पोचत नाही. उभी अँटेना सरळ वर फारसं काही पाठवतच नाही, आणि इतक्या जवळ पोचायला तेच लागतं, म्हणजे लहर वर जाऊन आकाशातून परत खाली यायला हवी. त्याच्यासाठी बागेत दोन कलमांमध्ये २० मीटर लांबीचा डायपोल (दोन सारख्या हातांची तारेची अँटेना) आडवा बांधलाय. फवारणीच्या दिवसांत बाबा तो उतरवायला लावतात.